काठावरचा कान

वैनगंगेवर जाळे टाकायला निघालेला माणूस बरोबर काय काय घेतो याची यादी केली तर ती फार लांब होत नाही. जाळे, वल्हे, विजेरी, शिदोरी, पाण्याची बाटली, आणि अलीकडे बहुतेकांच्या खिशात मोबाईल. या यादीत आणखी एक जिन्नस घालावा की नाही, आणि घालायचा तर तो कोणता पाहून घ्यावा, असा प्रश्न नदीकाठची तरुण मंडळी आता विचारू लागली आहेत. तो जिन्नस म्हणजे हातात मावणारे, बटण दाबून बोलायचे बिनतारी यंत्र. आपण त्याला वॉकीटॉकी म्हणतो. हे यंत्र निवडायचे कसे, याविषयी चार गोष्टी आज सांगायच्या आहेत.

आधी आपली नदी पाहू. मध्यप्रदेशात शिवनी जिल्ह्यात उगम पावून, बालाघाटकडून वळसा घेत वैनगंगा आपल्याकडे उतरते. तुमसर, मोहाडी, भंडारा आणि पवनी या तालुक्यांतून ती जाते. वाटेत बावनथडी तिला मिळते, अंभोऱ्यापाशी कन्हान मिळते. या काठांवर ढिवर, भोई, कहार या समाजांची वस्ती पिढ्यान् पिढ्या आहे. पूर्वी नदीचे पात्र असे होते की एका थडीवरून घातलेली हाळी दुसऱ्या थडीला ऐकू जाई. डोंग्यातला माणूस आणि काठावरचा माणूस यांच्यामध्ये हाळीएवढेच अंतर असे. पवनी तालुक्यात गोसेखुर्द येथे धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली, पुढे धरणाची भिंत उभी राहिली, तिला तेहतीस दरवाजे बसले आणि भिंतीच्या मागे पाणी पसरले. आता तिथे नदी नाही, सागर आहे. वारा सुटला म्हणजे लाटा उठतात. पाण्याखाली बुडालेल्या गावांची शिवारे आहेत, त्यांत जाळे अडकते. आणि हाळी? ती वाऱ्यावर जाते.

दुसरी गोष्ट वरच्या पाण्याची. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस आलेला पूर भंडाऱ्याचे लोक विसरलेले नाहीत. शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवरातून मोठा विसर्ग झाला, आणि भंडारा शहरातल्या वस्त्यांत पाणी शिरले. असे पाणी सोडताना खालच्या गावांना इशारा दिला जातो. फोन येतो, दवंडी होते, भोंगा वाजतो. पण हा इशारा येतो गावात. ज्या माणसाला त्याची सर्वांत अधिक गरज आहे तो तर पात्राच्या मध्यावर असतो! गावाला कळले आणि डोंग्याला कळले नाही, एवढ्या एका फटीत माणूस जाऊ शकतो. बिनतारी यंत्राचे खरे काम ही फट बुजवण्याचे आहे. मासळी कुठे लागली हे एकमेकांना सांगणे हा त्याचा वरकड लाभ.

समुद्रावरच्या कोळ्यांसाठी या बाबतीत पुष्कळ झाले आहे. मोठ्या बोटींवर बिनतारी संच असतात. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते एका योजनेचा आरंभ झाला. किनाऱ्यावरची राज्ये आणि केंद्रशासित प्रदेश यांतील यांत्रिक व मोटर बसवलेल्या एक लाख नौकांवर उपग्रहाशी बोलणारी यंत्रे बसवावयाची, अशी ती योजना. उत्तमच झाले. पण आपला डोंगा मोटरीचा नाही आणि आपले पाणी खारे नाही. नदीवरच्या माणसाला आपली सोय आपणच लावून घ्यावी लागते. कोणी म्हणेल, कोकणातल्या पाहुण्याकडून बोटीवरचाच एक संच मागवू. तसे करू नये. त्या संचांच्या लहरी समुद्रावरच्या नौकांसाठी राखून ठेवलेल्या आहेत. परवान्यावाचून त्या वैनगंगेवर वापरणे कायद्यात बसत नाही.

मग मोबाईल असताना हे यंत्र हवेच कशाला? प्रश्न रास्त आहे. जिथे मोबाईलची रेंज भरवशाची आहे तिथे मोबाईल हेच उत्तम यंत्र. त्यावरून ११२ लावता येतो, १०७७ वर जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाशी बोलता येते. बिनतारी यंत्रावरून यांतले काहीच होत नाही. ते फक्त आपल्या जोडीच्या यंत्राशी बोलते. पण मोबाईलची अडचण ओल्या हाताला विचारा. काचेवर बोट सरकत नाही, नंबर शोधावा लागतो, आणि एका वेळी एकाशीच बोलणे होते. बिनतारी यंत्राचे बटण आंधळेपणीही सापडते, आणि एकाने बोललेले पाचही डोंग्यांना एकदम ऐकू येते. तेव्हा यंत्र मोबाईलच्या जागी घ्यायचे नाही, त्याच्या जोडीला घ्यायचे. डोंग्यात यंत्र, आणि काठावर एकाच माणसाजवळ यंत्र व मोबाईल दोन्ही, ही खरी मांडणी. तिच्याकडे आपण पुन्हा येऊ.

आता खरेदीकडे वळू. इथे पहिली पायरी कायद्याची आहे, आणि ती ओलांडून पुढे जाता येत नाही. आपल्या देशात बिनतारी यंत्र बाळगण्यालाही परवाना लागे, हा दंडक १९३३ च्या कायद्यापासूनचा. आता २०२३ चा दूरसंचार कायदा आला आहे, पण मूळ तत्त्व तेच. त्यातून थोड्या शक्तीच्या यंत्रांना २०१८ च्या नियमांनी सूट मिळाली. वॉकीटॉकीपुरते बोलायचे तर ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ एवढ्या अरुंद पट्ट्यात चालणारा थोड्या शक्तीचा संच वापरायला परवाना लागत नाही. असे संच साधारण अर्ध्या वॉटचे असतात, आणि त्यांची एरियल, म्हणजे वरची आखूड दांडी, यंत्राला कायमची जोडलेली असते. शिवाय त्या नमुन्याला दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेचे मान्यतापत्र असावे लागते. त्याला ईटीए म्हणतात. दुकानदाराला ही तीन अक्षरे बेधडक विचारा. तो गडबडला तर दुसरे दुकान पाहा.

हे एवढे खोलात सांगण्याचे कारण असे की बाजारात, विशेषतः मोबाईलवरून घरपोच मागवायच्या बाजारात, दुसऱ्याच जातीची यंत्रे स्वस्तात मिळत. पाच वॉटची, लांब एरियलची, १३६ पासून १७४ आणि ४०० पासून पुढे हवी ती लहर लावता येईल अशी. विक्रेता हे सांगत नसे की त्यांना परवाना लागतो. शेवटी मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा विक्रीसाठी नियम घालून दिले. यंत्र कोणत्या लहरींवर चालते, परवाना लागतो की नाही, मान्यतापत्र आहे की नाही, हे विक्रेत्याने स्पष्ट सांगितले पाहिजे असे त्यांत आहे. तरीही घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत. कारण असे यंत्र चुकून पोलिसांच्या किंवा वनखात्याच्या लहरींवर जाऊ शकते. आपल्याकडे एका अंगाला उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याचे अभयारण्य आहे, दुसऱ्या अंगाला कोक्याचे. रात्रीच्या वेळी जंगलाच्या कडेने जाणाऱ्या माणसाच्या हातात असले यंत्र सापडले, तर 'मी मासे धरायला आलो होतो' हे सांगून भागत नाही.

हौशी बिनतारीवाले, ज्यांना हॅम म्हणतात, त्यांना अधिक शक्तीची यंत्रे वापरता येतात. पण त्यासाठी सरकारी परीक्षा द्यावी लागते, आणि तो परवाना धंद्याच्या कामासाठी चालत नाही. मासेमारी हा धंदा आहे. तेव्हा ती वाट आपली नव्हे.

'अर्धा वॉट! त्यात काय होणार?' असे कोणी म्हणेल. खोक्यावर तर दहा किलोमीटर छापलेले असते, आणि नदीवर दोन किलोमीटरला आवाज तुटतो. मग वाटते, पाच वॉटचे घेतले असते तर बरे झाले असते. ही समजूत फार खोलवर रुजलेली आहे, म्हणून तिचा हिशेब नीट मांडतो.

या यंत्राची लहर सरळ रेषेत जाते. दोन्ही यंत्रे पाण्यापासून मीटरभर उंच असली तर पृथ्वीच्या गोलाईमुळेच आठएक किलोमीटरपलीकडे ती एकमेकांना दिसेनाशी होतात. पण अडचण त्याच्या कितीतरी आधीच येते. डोंग्यातून निघालेली लहर दोन वाटांनी जाते. एक थेट, आणि दुसरी पाण्यावर आपटून उसळलेली. पाण्याला लगटून जाताना या दोघी एकमेकींना मारतात, आणि पलीकडे पोचते ती उरलीसुरली. म्हणून सखल पाण्यावर अंतर दुप्पट करायचे तर शक्ती दुप्पट करून भागत नाही, ती सोळापट करावी लागते. अर्ध्या वॉटचे आठ वॉट करावे तेव्हा दोन किलोमीटरचे चार होतात.

आता दुसरी बाजू पाहा. शक्ती तीच ठेवा आणि काठावरचे यंत्र एक मीटरऐवजी चार मीटर उंचीवर न्या. ढोबळ हिशेबाने फळ तेच मिळते: अंतर दुप्पट! घाटाच्या पंधरावीस पायऱ्या चढून जाण्याला सोळापट शक्तीचे मोल आहे, आणि त्याला ना परवाना लागतो ना पैसा. एवढेच नव्हे. शक्ती वाढवली तर आपला आवाज दूर जातो, पण दुसऱ्याचा क्षीण आवाज आपल्याला अधिक ऐकू येत नाही. उंचीचे तसे नाही. उंचीवर बसलेला माणूस दूरवर बोलतोही आणि दूरचे ऐकतोही. डोंग्यातला माणूस संकटात असेल तर आपल्याला काय हवे? आपली आरोळी त्याच्यापर्यंत जाणे, की त्याचा थकलेला आवाज आपल्याला ऐकू येणे? म्हणून म्हणतो, यंत्र निवडण्याआधी काठावरची जागा निवडा. घाटाचा माथा, देवळाचा चौथरा, दरडीवरचे मोकळे टेकाड, घराची गच्ची. समोर झाडोरा नको आणि पात्र डोळ्यांना दिसले पाहिजे. जिथून डोंगा दिसतो तिथून बहुधा बोलणेही होते.

यात ऋतूचाही खेळ आहे. पावसाळ्यानंतर जलाशय भरलेला असतो, तेव्हा डोंगा उंच आणि मोकळ्यावर असतो. उन्हाळ्यात पाणी उतरते आणि तुमसर-मोहाडीकडच्या पात्रात डोंगा दोन दरडींच्या मध्ये खोल जातो. अशा वेळी नदीच्या एका वळणाने आवाज तुटतो, मग अंतर अर्ध्या किलोमीटरचे का असेना. यंत्र बिघडले असे समजून दुकानदाराशी भांडू नका. उन्हाळ्यात काठाच्या माणसाने जागा बदलायची असते. नवी जोडी आणली की एक दिवस कोरडाच घालवा. एकाने काठावर बसावे, दुसऱ्याने डोंगा घेऊन जावे, आणि दर दहा मिनिटांनी बोलावे. कुठे स्वच्छ ऐकू आले, कुठे तुटले, कुठे मुके झाले, हे खुणेच्या झाडासकट वहीत लिहून ठेवावे. आश्विनात एकदा आणि वैशाखात एकदा हे केले की तुमच्या पाण्याचा पक्का नकाशा तयार झाला. तो खोक्यावरच्या आकड्यापेक्षा खरा असतो.

आता यंत्राच्या अंगाबद्दल. पहिला गुण पाण्याला टिकण्याचा. यंत्रावर आयपी अशी अक्षरे आणि पुढे दोन आकडे असतात. दुसरा आकडा पाण्याचा. चार असेल तर यंत्र नुसते शिंतोडे सोसते. सात असेल तर मीटरभर पाण्यात अर्धा तास राहून जगते. डोंग्यातल्या यंत्राला सात हवा. काठावरच्याला चार चालेल. तिथे चार पैसे वाचवा. पण जगणे निराळे आणि तरंगणे निराळे, बरं का! तळाशी गेलेले यंत्र जिवंत असले तरी कामाचे नाही. तरंगणारा नमुना मिळाला तर तो घ्यावा, नाहीतर दोरीने बांधावे. दोरी गळ्यात मात्र घालू नये. जाळ्याशी गुंतली तर जिवावर बेतेल. यंत्र छातीशी, जॅकेटाला बांधावे. रंग पिवळा किंवा नारिंगी असावा. काळे यंत्र अंधारात डोंग्याच्या बुडाशी पडले की सापडत नाही.

दुसरा गुण बॅटरीचा. ऐकताना यंत्र थोडे खाते, बोलताना फार खाते. ज्यात साधे पेन्सिल सेल बसतात ते यंत्र गावाला सोयीचे, कारण वीज गेली तरी किराणा दुकानातून चार सेल आणता येतात. भारित करायची बॅटरी असेल तर जोडीला एक जादा बॅटरी हवीच.

तिसरा गुण साधेपणाचा. बटणे थोडी आणि मोठी असावीत. काही यंत्रांवर गुप्त संकेत म्हणून आकडे दिलेले असतात. त्यांनी आपले बोलणे गुप्त होत नाही. इतरांचे बोलणे आपल्या कानावर येत नाही एवढेच. दोन यंत्रांवर निरनिराळे आकडे पडले तर एकमेकांचे बोलणेही ऐकू येत नाही. म्हणून ते शून्यावर ठेवावेत. आणि बोलताना यंत्र कमरेला लटकवू नका. तोंडासमोर, दांडी उभी, ओठांपासून चार बोटे दूर. बटण दाबले की क्षणभर थांबून बोला. नाहीतर पहिला शब्द कापला जातो, आणि 'नका येऊ' चे 'येऊ' होते.

इतके सगळे जमले, तरी अर्धेच काम झाले. कारण यंत्र ऐकत नाही, माणूस ऐकतो. काठावरचा माणूस जेवायला गेला, किंवा आवाज बारीक करून झोपला, तर सर्वांत महागडे यंत्रही मुके. तेव्हा यंत्र घेताना हे ठरले पाहिजे की काठावर कान कोणाचा. पुष्कळ घरी हे काम वडीलधाऱ्यांकडे, किंवा सकाळी मासळी घेऊन बाजाराला जाणाऱ्या बाईकडे येईल. मग दुकानात जाताना तिलाच बरोबर न्यायला हवे! तिच्या हाताला बटण जमते का, तिच्या कानाला आवाज समजतो का, हे पाहून यंत्र घ्या. तरण्या पोराला चकचकीत वाटले म्हणून घेतलेले यंत्र घरात फळीवर पडून राहते.

आणि बोलण्याची रीत ठरवा. इंग्रजी शब्द हवेतच असे नाही. आधी ज्याला हाक मारायची त्याचे नाव, मग आपले: 'घाट, घाट, मी थोरला डोंगा.' बोलणे संपले की 'बोला'. समजले की 'पोचलं'. आणि निरोपात तीन गोष्टी: कोण, कुठे, काय हवे. 'कुठे' सांगताना झाड, पूल, देऊळ अशी खूण सांगावी. 'इकडेच आहे' याला अर्थ नाही. दर अर्ध्या तासाने डोंग्याने एकदा बोलावे. दोन वेळा बोलणे चुकले तर काठाने काय करायचे, कोणाला उठवायचे, ११२ केव्हा लावायचा, हे शांत डोक्याने आदल्या दिवशी ठरलेले असावे. उलट बाजूने काठाचे काम असे: पाणी सोडल्याचा निरोप आला, की तत्काळ डोंग्याला कळवणे. पुण्याच्या हवामानसंस्थेने तयार केलेले 'दामिनी' नावाचे ॲप मोबाईलवर असते. आसपास वीज पडण्याचा धोका असला तर ते सांगते. काठावरच्या मोबाईलवर तो इशारा आला की तो बिनतारीवरून पात्रात पोचतो. उघड्या पाण्यावर उभा असलेला माणूस विजेचे पहिले लक्ष्य असतो, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला आणि ढिवराला सांगायला नको.

शेवटी पैशाचा प्रश्न. जोडी काही हजारांत जाते, आणि नदीवरच्या संसारात काही हजार म्हणजे थोडे नव्हेत. म्हणून क्रम सांगतो. सर्वांत आधी लाइफ जॅकेट, डोंग्यात जितकी माणसे तितकी. यंत्र माणसाला तरंगवत नाही. त्यानंतर विजेरी आणि शिट्टी. त्यानंतर बिनतारीची जोडी. एकट्याला झेपत नसेल तर चार डोंगेवाल्यांनी मिळून घ्यावी, किंवा गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेने संस्थेच्या नावे पावती घेऊन घ्यावी. घाटावरचा एक कान सगळ्या डोंग्यांना पुरतो, कारण हे यंत्र मुळातच समाईक आहे.

आजोबांच्या काळी काठावरून हाळी घालणारा माणूस होता आणि ती ऐकून ओ देणारा डोंगा होता. पात्र रुंदावले, हाळी अपुरी पडली. यंत्र ती हाळी फार तर दोनचार किलोमीटर लांबवून देईल. पण हाळीला ओ देणारे माणूस काठावर बसवायचे काम आपले आहे. ते बसले असेल तर अर्धा वॉट पुरे होतो.